चित्र नको म्हणून सांग

नव्याण्णव साली आमच्या सिल्व्हर पार्कच्या घरात एकच कॉम्प्युटर होता आणि तो ताईचा होता. ती घरी बसून लोकांचे प्रबंध टाइप करून द्यायची. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. एका मासिकासोबत नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी मिळाली, तशी ती बसवू दे म्हणून मी ताईच्या मागे लागले.

"माझ्या फायलींना हात लागला ना, तर बघ," ताई म्हणाली.

मग मी व्हर्च्युअल मशीनचा मार्ग काढला. म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत, एका खिडकीत, दुसरा लटका कॉम्प्युटर चालवायचा. नवी सिस्टिम त्या लटक्यात घालायची. तो मेला तरी ताईचं काम शाबूत. हे सगळं तिला दोनदा समजावलं, तेव्हा तिने रविवारची दुपार दिली आणि स्वतः मैत्रिणीकडे गेली.

घरात मी आणि बाबा. बाबा लिफ्ट मेकॅनिक होते, नुकतेच निवृत्त झालेले. घरातला पंखा, मिक्सर, शेजारच्या गुजराती बेनचं शिलाई मशीन, सगळं उघडून झालं होतं, त्यामुळे आता ते माझ्यामागे स्टूल टाकून बसले. इंग्रजी त्यांना आकडे आणि बटणांपुरतं येई.

सीडी फिरायला लागली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या आणि मग खिडकी गोठली. माऊस हलेना. मी लटकं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. मेमरी वाढवून पाहिली, डिस्क मोठी करून पाहिली, सीडी ओढणीने पुसली. पाचव्यांदा गोठल्यावर मला रडूच आलं. वर्गातल्या मुलांनी केव्हाच बसवली होती, आणि मी त्यांना उद्या काय सांगणार होते?

"सीडीच खराब आहे," मी म्हटलं.

"थांब. परत लाव," बाबा म्हणाले. "मला बघायचंय ते कुठे अडतंय."

"बाबा, इंग्रजीत आहे सगळं."

"मी वाचतोय कुठे? बघतोय."

मी वैतागून परत लावलं. ओळी धावल्या. बाबा पुढे वाकले. खिडकी गोठली.

"अक्षरं आहेत तोवर ठीक चालतंय," ते सावकाश म्हणाले. "चित्र काढायला गेलं की पडतंय. सहाही वेळा तसंच झालं. पडायच्या आधी पडदा एकदा लुकलुकतो, बघ. त्याला सांग ना, चित्र नको म्हणून."

"असं सांगता येत नाही, बाबा."

असं म्हटलं खरं, पण सातव्या वेळी सुरुवातीचा पडदा आला तेव्हा मी पहिल्यांदा तो नीट वाचला. दर वेळी तिथे फक्त एन्टर दाबून मी पुढे जात होते. तिसऱ्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं: चित्रांशिवाय, नुसत्या अक्षरांत बसवायचं असेल तर अमुक शब्द टाइप करा. इतके दिवस इंग्रजी वाचता येतं म्हणून मी मिरवत होते. मला बाबांकडे बघवेना.

शब्द टाइप केला. निळ्या पडद्यावर करड्या चौकटी आल्या, आणि टक्के चढू लागले. बाबा प्रत्येक दहा टक्क्यांना "हां" म्हणत होते. तासाभराने सिस्टिम बसली.

"आता हे काय करतं?" त्यांनी विचारलं.

मला खरंच ठाऊक नव्हतं. काळ्या पडद्यावर एक छोटी रेघ लुकलुकत होती. मी तारीख विचारायची आज्ञा दिली, त्याने तारीख सांगितली. बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिली.

"बरोबर सांगतोय," ते म्हणाले, आणि इतके खूश झाले की मीही झाले.

संध्याकाळी ताई आली ती थेट कॉम्प्युटरकडे. तिने एकेक प्रबंध उघडून पाहिला. सगळे जागच्या जागी होते.

"झालं का तुझं?" तिने मला विचारलं.

उत्तर बाबांनीच दिलं, "आम्ही दोघांनी बसवलं." आणि तिला चहा करायला उठले.