ते फोटो काढून टाका, बस!

सायबर सेलमधले किस्से सांगायला बसले, तर चहाचं आधण आटून जाईल. ऐकणारे हसतात. माझं मात्र अजून डोकं फिरतं! दुष्काळाचं वर्ष. मी लातूरला कॉन्स्टेबल होते. निलंग्याची शीला, नर्सिंगची पोरगी. कुणा नालायकानं तिच्या नावाचं खोटं खातं काढून, तिचा चेहरा उघड्या अंगावर चिकटवून फोटो टाकले होते.

"ताई, ते फोटो काढून टाका, बस. दुसरं काय बी नको," एवढंच तिचं मागणं.

*

आधी ती गावातल्या ठाण्यात गेली होती. हवालदार म्हणाले, "गुन्हा इंटरनेटवर झालाय. इंटरनेट आमच्या हद्दीत येत न्हाई!"

म्हणून बिचारी एसटीनं लातूरला आली.

*

आम्ही तरी काय दिवे लावले? गुन्हा म्हटला की घटनास्थळाचा पंचनामा पाहिजेच! जमादार दोन पंच घेऊन तिच्या घरी. शीलानं फोटो जिच्यावर बसून पाहिले, ती बाज टेपनं मोजली. शेजारचे पाण्याचे रिकामे ड्रमही लिहिले. गल्ली गोळा झाली. वर शीलाचाच मोबाईल जप्त!

तिची आई म्हणाली, "जमादारसाहेब, चोर मोकळा अन् जप्ती आमची?"

*

खाती बंद करायचं ज्याला जमायचं, तो आमचा एकमेव शिपाई टँकरच्या बंदोबस्ताला. मी साहेबांकडे गेले, म्हटलं, त्याला एक दिवस तरी परत बोलवा.

"बाई, फोटो काय पळून जातोय का? पाणी पळतं!"

सलाम ठोकून बाहेर आले.

*

शीलाचे वडील शाळेत गुरुजी. ते पुढाऱ्याकडे गेले. पुढारी खूश होऊन म्हणाला, "लातूर तोडून नवा जिल्हा होऊ द्या गुरुजी, मग आपला स्वतंत्र सायबर सेल!"

"तवर माझ्या लेकीनं तोंड लपवून बसायचं का?" गुरुजी म्हणाले. पुढाऱ्यानं चहा मागवला.

*

आणि मग वरून आदेश आला, कॉलेजांमध्ये जनजागृती करा! साहेब नेमके शीलाच्याच कॉलेजात. तोवर तिथं तिच्या दोन मैत्रिणी सोडल्या, तर कुणाला काही माहीत नव्हतं. साहेबांनी पडद्यावर उदाहरण लावलं. आमच्याच फाईलमधला फोटो! चेहरा झाकलेला, खाली शीलाचं नाव, आडनावासकट, तसंच!

मी धावत जाऊन वायर उपटली. पण अख्ख्या हॉलनं वाचलं होतं.

साहेबांनी घाम पुसला. "काही शंका?"

शीला उभी राहिली.

"साहेब, त्या चोरानं तर कॉलेजात नुसतं दोघींनाच दाखवलं होतं."