बोटीतून न उतरणारा आत्तीलियो

निम्मे सार्डिन मासे तळून झाले होते आणि निम्मे पिठात लोळून कढईची वाट बघत होते, तेवढ्यात मेस्त्रेहून मोरेनाचा फोन आला. निवेसनं पिठाळ हातानंच तो कानाला लावला. लेकीचं पहिलंच बाळंतपण, आणि बाळ पायाळू. डॉक्टर आठवडाभर वाट बघणार होते. फिरलं तर बरं, नाहीतर ऑपरेशन.

"आई, मारियामातेला काहीतरी बोल ना गं," मोरेना म्हणाली.

"बोलते हं बाळा," निवेस म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर ती मटकन स्टुलावर बसली. बोलायचं कुठल्या तोंडानं? मागचाच नवस अजून फेडायचा राहिला होता.

नवऱ्याला, आत्तीलियोला, पित्ताचे खडे झाले होते तेव्हाचा तो नवस. 'हा बरा होऊन घरी आला, तर आम्ही दोघं जोडीनं तोर्चेल्लो बेटावरच्या तुझ्या चर्चमध्ये येऊ, तुझ्यापुढे मेणबत्ती लावू.' मातेनं आपलं काम चोख केलं. आत्तीलियो घरी आला, मक्याचा पोलेंटा चेपून खाऊ लागला, बायकोच्या हातच्या चवीला नावं ठेवू लागला. म्हणजे पूर्ण बरा. आणि तोर्चेल्लो काही जगाच्या टोकाला नाही. फोंदामेंते नोवेच्या धक्क्यावर बोट धरायची, मुरानो मागे टाकून बुरानोला उतरायचं, तिथे छोटी बोट धरली की समोरच. बाहेरगावची माणसं एका दिवसात तिन्ही बेटं उरकून, लेसचे रुमाल घेऊन, संध्याकाळी परतसुद्धा येतात.

पण आत्तीलियो म्हणजे बाहेरगावचा माणूस नव्हे. त्यानं उभी हयात त्याच बोटींवर दोर टाकण्यात घालवली होती. धक्का आला की खुंट्याला दोर अडकवायचा, कठड्याचं दार सरकवायचं, "आधी उतरणारे, मग चढणारे!" असं ओरडायचं, दार लावायचं, दोर सोडायचा. तोर्चेल्लोच्या धक्क्याला त्यानं हजारदा बोट बांधली असेल, पण बेटावर पाऊल कधी टाकलं नव्हतं. कामावरचा माणूस बोट सोडून जातो कुठे?

निवृत्त झाला तरी अंगातलं काम काही निवृत्त झालं नाही. गेल्या वर्षी ती त्याला घेऊन निघाली, तर तोर्चेल्लोला सगळ्यांना हात देऊन उतरवलं, निवेसलाही उतरवलं, "सावकाश हं बाई" म्हणाला, आणि सवयीनं दार लावून घेतलं. स्वतः आत. बोट निघून गेली. निवेस धक्क्यावर तोंड वासून उभी. एकटीनं मेणबत्ती लावायचं धाडस तिला झालं नाही, कारण शब्द 'जोडीनं' असा होता. वसंतात पुन्हा गेली, पुन्हा तेच.

"तू मुद्दाम करतोस!"

"अगं, आईशप्पथ! हात आपोआप जातात."

हात. निवेसनं कढईकडे पाहिलं. मग फडताळावरच्या मोठ्या, पसरट मातीच्या भांड्याकडे पाहिलं. हात रिकामे असतात म्हणून जातात.

उरलेले सार्डिन तिनं भराभर तळले. कांदा परतून व्हिनेगर ओतलं, बेदाणे आणि चिलगोजे पेरले, थरावर थर लावून भांडं काठोकाठ भरलं आणि मुरायला ठेवलं. हे सावोर दोन दिवस मुरलं की खरं चविष्ट लागतं, आणि आत्तीलियोचा तर त्यात जीव.

रविवारी ते भांडं तिनं त्याच्या हातात दिलं. "तोर्चेल्लोच्या गवतावर बसून खाऊ. सांभाळून धर."

"झाकण कुठंय?"

"फुटलं," निवेस म्हणाली. एवढं खोटं मातेनं पोटात घालावं.

बुरानोपर्यंत युक्ती झकास चालली. आत्तीलियो पुतळ्यासारखा बसला होता. भांडं मांडीवर, दोन्ही हात काठांना. बोट हलली की व्हिनेगरची एक धार ठेवणीतल्या पँटवर. प्रत्येक धक्क्याला मात्र त्याचे खांदे उडत होते.

छोट्या बोटीवर दोराला नेमका लोरिस होता. हे काम त्याला आत्तीलियोनंच शिकवलेलं. आता त्याचेही केस पिकायला लागले होते.

"काय उस्ताद, आज स्वयंपाक्याची नोकरी का?"

"दोराकडे बघ, लोरिस. माझ्या भांड्याकडे नको."

"बघतोय की! तुमच्यावेळी काय दोर सोन्याचे होते?"

"माझ्यावेळी दोर टाकताना कुणी गप्पा मारत नव्हतं!"

निवेसनं नवऱ्याच्या कमरेचा पट्टा मागून घट्ट धरला. या खेपेला ती आधी उतरणार नव्हती. तोर्चेल्लोचा धक्का आला. लोरिसनं ऐटीत, उस्तादाकडे बघत बघतच, दोर फेकला. खुंटा चुकला. बोटीची मागची बाजू फिरू लागली.

आत्तीलियोनं दोराकडे पाहिलं. भांड्याकडे पाहिलं. शेजारी एक उंच परदेशी जोडपं उतरायला उभं होतं. "धरा!" असं म्हणून त्यानं भांडं त्या बाईच्या हातात कोंबलं, झेप घेतली, दोर खेचला, एका फेकीत खुंट्यावर बसवला. लोक उतरले. परदेशी जोडपंही हसत मान डोलवत सावोरसकट उतरलं. "आधी उतरणारे, मग चढणारे!" आत्तीलियो गरजला आणि दार लावून मोकळा झाला.

बोट सुटली. पट्टा धरलेली निवेसही त्याच्याबरोबर आतच.

"बघितलंस ना?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता मी मोरेनासाठी मातेला काय सांगू? कुठल्या तोंडानं मागू?"

लोरिसनं हळूच पुढे होऊन कानात सांगितलं, "उस्ताद, तुमचं भांडं तिकडं राहिलं."

आत्तीलियोनं मागे वळून पाहिलं. धक्क्याजवळच्या गवतावर ते जोडपं ऐसपैस बसलं होतं. बाईनं पावाचा तुकडा मोडला. पुरुषानं एक सार्डिन शेपटीला धरून वर उचलला आणि डोळे मिटले.

"अरे देवा! खातायत!"

"तुम्हीच दिलंत ना."

"धरायला दिलं होतं! लोरिस, बोट फिरव!"

"आता बुरानोला जाऊनच फिरणार. तुम्हीच शिकवलंय."

बुरानो येऊन गेलं. आत्तीलियोनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो दाराला चिकटून उभा होता. तोर्चेल्लोचा धक्का लागतो न लागतो तोच, लोरिसचा दोर बसायच्या आत, कुणाला हात न देता, कुणाला न ओरडता, माणूस सगळ्यांच्या आधी धक्क्यावर! निवेस पट्टा धरून मागे फरफटत उतरली.

दार बंद झालं. ते दोघं बाहेर होते. लोरिसनं आतून टोपी काढली.

परदेशी बाईनं उठून आत्तीलियोचे दोन्ही हात प्रेमानं दाबले, काहीतरी गोड बोलली आणि भांडं परत दिलं. तळाशी दोन सार्डिन आणि थोडा कांदा. इथली माणसं पाहुण्यांचं असं स्वागत करतात हे तिला फारच आवडलं असावं.

"दोन!" कठडा नसलेला पूल ओलांडेपर्यंत आत्तीलियो एवढंच म्हणत होता. "दोन!"

चर्चमध्ये शिरल्यावर मात्र त्यानं मान वर केली. सोनेरी भिंतीवर निळ्या वस्त्रातली माता उभी होती. उंच, बारीक, बाळाला कडेवर घेऊन. निवेसनं मेणबत्ती लावली. त्यानं भांडं खाली ठेवलं आणि तिच्या मेणबत्तीला हात लावला. झालं जोडीनं.

मग निवेस एका दमात पुटपुटली, "बाळ फिरू दे. सुखरूप सुटका होऊ दे. त्याला घेऊन आम्ही सगळे येऊ."

"सगळे म्हणजे मीपण?" आत्तीलियोनं कुजबुजत विचारलं.

"तूपण."

त्यानं वर मातेकडे पाहिलं, खाली भांड्याकडे पाहिलं. "मग बाळ माझ्या हातात दे. ते मी कुणाला धरायला देणार नाही."

निवेसनं डोळे पुसले आणि क्रूसाची खूण केली. परतीच्या बोटीत तिनं त्याला ते दोन्ही सार्डिन खाऊ दिले. तरी तो फुरंगटलेलाच होता, तेव्हा तिनं पुन्हा तळायचं कबूल केलं. मोरेनालाही थोडं पोचवता येईल. सोमवारी मासळीबाजार बंद. मंगळवारी सकाळी रियाल्तोला जाऊन सार्डिन आणायचे.