तिच्या रजेतली दुसरी नोकरी

काम तिनं मागितलं नव्हतं. ते मी तिच्यासाठी ठरवलं, आणि तेही शाळेच्या फाटकात उभं राहून, पाच मिनिटांत.

बायको मलकापूरजवळच्या एका गावात, प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. मी मलकापुरातच एका विनाअनुदानित शाळेत शिक्षक. म्हणजे हजेरीपटावर सही माझी असते आणि घर तिच्या पगारावर चालतं. लग्नानंतर अकरा वर्षांनी आम्हाला मुलगी झाली, तोवर मी चाळिशी ओलांडली होती. बायको प्रसूती रजेवर होती. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील डॉक्टर, गावात त्यांचा दवाखाना. त्यांच्याकडची सिस्टर लग्न होऊन गेली होती.

"सर, मॅडम सध्या घरीच आहेत ना?" त्यांनी विचारलं. "दुपारचे तीन-चार तास. इंजेक्शन, सलाईन. बाकी काही नाही."

सरकारी रजेवर असताना दुसरीकडे पगारी काम करता येत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही होतं. "नाव कुठं येणार नाही," ते म्हणाले. मी हो म्हटलं. आपणही घरात काहीतरी आणून दिलं, असं मला वाटलं. आणून देणारी ती होती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

ती तेव्हा शेगावला माहेरी होती. मी न्यायला गेलो तर सासूबाई दारातच म्हणाल्या, "जवाईबापू, सव्वा महिना झाला म्हनून काय झालं? तीन महिने त राहू द्या. पहिलटकरीन आहे."

"घरी आईले एकटीले होत नाही," मी म्हटलं.

खोटं नव्हतं, पण कारण ते नव्हतं. खरं कारण मी बायकोला परतीच्या पॅसेंजरमध्ये सांगितलं, नांदुरा गेल्यावर. बाळ तिच्या मांडीवर दुपट्यात झोपलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माही रजा आहे ना?" ती म्हणाली.

"रजाच आहे. घरी बसूनच राह्यशील ना."

"घरी बसून?" तिनं एकदाच विचारलं. मग बाळाचं दुपटं नीट केलं. मलकापूर यायच्या आधी म्हणाली, "किती वाजता जा लागन?"

बाळ दीड महिन्याचं झाल्यावर ती जायला लागली. माझी शाळा सकाळच्या सत्रात, साडेअकराला सुटायची. बारा वाजता ती निघायची. निघण्यापूर्वी मागच्या खोलीत बसून दूध काढायची, उकळलेल्या स्टीलच्या डब्यात झाकून ठेवायची. मला तिनं वाटी-चमच्यानं पाजायला शिकवलं, वॉर्डातल्या बायांना शिकवते तसं.

"हिले आडवं नाही धरायचं. बसतं धरा. वाटी ओठाले लावा, ते सोताच चाटते. घाई करायची नाही. आन् बाटली नाही म्हनजे नाही."

बाटलीवरून ती पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. बाळंतिणीला भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्या ती तपासायची आणि बाटली सापडली की काढून घ्यायची. "सिस्टर आली, बाटली लपवा," असं गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या. आपण दारूबंदीच्या खात्यात आहोत असं वाटतं, असं ती हसून सांगायची. बाळाला बाटलीची सवय लागली की ते अंगावर प्यायला तयार होत नाही, कारण बाटलीतलं दूध बिनकष्टाचं येतं. हे मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की मीही भाषण देऊ शकलो असतो.

पहिल्या दिवशी वाटीभर दूध पाजायला मला पाऊण तास लागला. निम्मं झबल्यावर सांडलं. दुसऱ्या दिवशी बाळ इतकं रडलं की वाटीच उलटली. आई दुपारी पुढच्या खोलीत झोपलेली असायची, तिला कमी ऐकू येतं. तिचा हातही कापतो, त्यामुळे तिला उठवून उपयोग नव्हता. बायकोनं सोन्यासारखं जपून काढलेलं दूध माझ्या शर्टावर वाळत होतं.

तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी बाटली घेतली. नेहमीच्या मेडिकलवाल्याकडून नाही, तो तिला ओळखतो. स्टेशनकडच्या दुकानातून. बाळानं बाटली तोंडात घेतली, दोन-तीनदा जीभ फिरवली आणि गटागटा प्यायला लागलं. दहा मिनिटांत झोपलं. मी बाटली धुतली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटावर जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे ठेवली. मग वाटी आणि चमचा दुधात बुडवून ओट्यावर ठेवले, वापरल्यासारखे.

हे शेवटचं मी लिहिणार नव्हतो. पण बाटलीपेक्षा तेच जास्त आठवतं.

रोज तसंच चालू राहिलं. ती चारला यायची, हात धुवायची, बाळाला घ्यायची. "पेली का?" "हो." "सांडलं?" "थोडं." थोडं सांडल्याचं सांगणं मला जमायला लागलं.

दोन-अडीच आठवड्यांनी बाळ तिच्या अंगावर पिताना रडायला लागलं. तोंड लावायचं, दोन घोट घ्यायचं आणि मागे कमान करून ओरडायचं. पहिले दोन दिवस तिनं गॅस झाला असेल म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"अहो, बाटली दिली का हिले?"

असं ती शेकडो घरांत विचारत आली होती. लोक खोटं बोलतात, हेही तिला माहीत होतं. पण मी लोकांपैकी नव्हतो.

"नाही," मी म्हटलं.

"एखांद्या वेळी? आईनं?"

"नाही वं. वाटी-चमच्यानंच देतो ना मी."

तिनं पुन्हा विचारलं नाही. बाळाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "मंग माह्याच दुधात कमी आहे. तिथं चार-चार तास उभी राहतो, घरी येईस्तोर आटून जाते." दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना निरोप पाठवला की उद्यापासून येणार नाही.

त्या दिवशी सांगितलं असतं तर बहुतेक सगळं सावरलं असतं. तिला ते येत होतं. बाटली बंद करून, बाळाला अंगाला अंग लावून, आठ-दहा दिवस चिकाटीनं तिनं दुसऱ्यांची कितीतरी बाळं परत अंगावर आणली होती. फक्त कारण माहीत हवं. मी ते सांगितलं नाही. काय वाटत होतं मला? आठवायचा प्रयत्न केला तर काहीच आठवत नाही. आतून कोणीतरी कापूस भरून ठेवावा तसं होतं. जेवत होतो, शाळेत जात होतो, फळ्यावर भूमितीच्या आकृत्या काढत होतो.

ती तरीही तिच्या परीनं प्रयत्न करत होती. दर दोन तासांनी बाळाला अंगाशी घ्यायची, मधल्या वेळी थोडं काढून वाटीनं पाजायची. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळानं एका बाजूला बराच वेळ तोंड लावलं. "पाहा, पाहा," ती कुजबुजली, मोठ्यानं बोललं तर बाळ सोडून देईल अशी. त्याच दिवशी दुपारी ती अंघोळीला गेली आणि बाळ उठून रडायला लागलं. ओट्यावर काढलेलं दूध होतं. वाटीही होती. मी कपाटाकडे गेलो.

ती केस पुसत आली तेव्हा बाळ झोपलेलं होतं. "वाटीनं पाजलं?" "हो." "किती लवकर झालं," ती म्हणाली, आणि खूश झाली. त्यानंतर बाळ पुन्हा तिच्या अंगाशी गेलं नाही. चार-पाच दिवस तिनं धरून पाहिलं. मग तिनंच डब्याचं दूध आणायला सांगितलं. सोबत बाटली.

माझ्या आईनं ती बाटली पहिल्यांदा बाळाच्या तोंडाला लावली. कापत्या हातातूनही बाळानं ती पटकन धरली. आई चकित झाली. "पाय व माय, जशी पोटातूनच शिकून आली!" आणि बायकोकडे वळून म्हणाली, "मी सांगत होतो. कायले जा लागत होतं दुसऱ्याच्या दवाखान्यात? सरकारी पगार पुरत नव्हता काय? पैशापायी लेकराच्या तोंडचं गेलं."

बायकोनं मान हलवली. "हो, आई. माहंच चुकलं."

मी वर्तमानपत्राची घडी घालत होतो. घडी नीट बसेना म्हणून पुन्हा उलगडली.

रजा संपून ती कामावर गेली तेव्हा कापसाची वेचणी सुरू झाली होती. एका संध्याकाळी चहा पिताना ती केंद्रातली हकिकत सांगत होती. एक मजूर बाई, तीन महिन्यांचं बाळ, अंगावर पीत नाही म्हणून आली होती. वेचणीला जाते म्हणाली.

"मी तिले म्हटलं, काम सोड. दिवसभर उभं राह्यलं की दूध जाते. माहं गेलं ना." तिनं कप खाली ठेवला. "ऐकलं तिनं. आजपासून जानार नाही म्हने. तिचा नवरा चिडला असन."

"बाटलीचं नाही विचारलं?"

"संगं सासू होती, तिनं नाही म्हटलं. मी म्हटलं जाऊ द्या. सारंच बाटलीनं होते असं थोडंच आहे? आपल्या घरी कुठं बाटली होती?"

तिचा आवाज साधा होता. ती मला टोमणा मारत नव्हती, हे लिहिणं गरजेचं आहे. माझं खोटं तिच्या नोकरीत जाऊन बसलं होतं, आणि ती ते इमानदारीनं लोकांना वाटत होती. त्यापायी एका बाईचा रोज बुडाला होता.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. ती डबा भरत होती, मी ओट्याला टेकून उभा होतो. बाटली, स्टेशनकडचं दुकान, कपाट, तिच्या अंघोळीची वेळ, सगळं सांगितलं. वाटी दुधात बुडवून ठेवायचो, तेही. मी बोलत असताना तिनं पोळ्या डब्यात ठेवल्या, वर भाजी घातली, झाकण लावलं.

"तिसऱ्या दिवशीपासून?"

"हो."

"मी जवा विचारलं तवा?"

"तेव्हाही."

तिनं डबा पिशवीत टाकला. रडली नाही. माझ्याकडे पाहत होती, पण मी एखादी माहिती असल्यासारखी. मग म्हणाली, "गाडी काढा. पहिले तिच्याकडे जा लागन."

तासाभराच्या आत आम्ही त्या बाईच्या घरी होतो. टिनाचं घर, दारात शेळी बांधलेली. बाई उंबऱ्यात बाळाला घेऊन बसली होती, सासू ज्वारी पाखडत होती. मी मोटरसायकलजवळ उभा राहिलो. बायको खाली मातीतच बसली आणि सासूला म्हणाली, "मावशी, खरं सांगा. मी वरडत नाही. लेकराले बाटली देता का?"

म्हातारीनं सूप थांबवलं. "आता देतो बाप्पा. हे दिवसभर वावरात. मंग मी काय माहं पाजू?"

सून खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली.

"काम सोडू नको," बायको तिला म्हणाली. "मी तुले काल चुकीचं सांगतलं. कामानं दूध नाही जात. बाटली बंद कर, मी सांगतो तसं कर, लेकरू अंगावर येईन."

"पन सिस्टर, तुमचं गेलं होतं ना?"

"घरी बाटली दिली होती. मले माहीत नव्हतं."

म्हातारी मोठ्यानं हसली. "म्हनजे तुमच्या घरीबी माह्यासारखीच सासू आहे म्हना!"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं मान खाली घालून बाळाचं टोपडं सरळ केलं, आणि ती माझ्या बोलण्यासाठी थांबली आहे हे मला कळलं. दोष माझ्या आईवर गेला होता, आणि ती तिथं नव्हती.

"सासूनं नाही," मी गाडीजवळून म्हटलं. "मी दिली."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही?" ती म्हणाली. मग हात हलवून, "बरं, तुम्ही जरा तिकडे जा, मास्तर. बायामानसाचं आहे."

मी बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. तिथून बायकोचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. बाळ रडत होतं, थांबत होतं, पुन्हा रडत होतं. अर्ध्या तासानं ती आली आणि मागे बसली. त्या बाळाचं काय झालं ते मी विचारलं नाही. पुढं दोन-तीन आठवड्यांनी ती फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं, की ते अंगावर प्यायला लागलं.

आरोग्य केंद्राच्या फाटकात ती उतरली. पिशवी खांद्याला लावली. "घरी आईले तुम्हीच सांगा," म्हणाली, आणि आत गेली.

आईला सांगायला मला चार दिवस लागले. ती तूर निवडत होती. मी तिच्या कानाजवळ बसून सगळं सांगितलं. काही वाक्यं दोनदा सांगावी लागली, कारण तिला ऐकू आलं नाही, आणि दुसऱ्यांदा ती मोठ्यानं सांगणं अवघड होतं. आईनं ताटली खाली ठेवली. बोटांना लागलेली धूळ पदरानं पुसली.

"मी तिले किती बोललो," ती म्हणाली. "आता मी तिच्यासंगं कसं बोलू?"

तिच्याशी बोलायचं कसं, मीही चार दिवस तेच शोधत होतो.