पंपाची सुट्टी

आमच्या सोसायटीचे मामा पाण्याच्या पंपाशी बोलायचे. हे मी कौतुकाने सांगत नाही, वैतागून सांगतोय. मुलुंडला आमच्याकडे सकाळी जेमतेम तासभर पाणी येतं, ते खालच्या टाकीतून गच्चीवर चढवायचं असतं, चारही मजल्यांवरून लोक ओरडत असतात, आणि मामा पंपावर तळहात ठेवून, डोळे मिटून उभे. "मामा, बटण दाबा ना!" म्हटलं की डोळे न उघडताच म्हणायचे, "थांब रे नंदू, तेका जागो होऊ दे."

मामा मूळचे कुडाळकडचे. गिरणी बंद पडल्यावर आमच्याकडे पंप बघायला आले, तेव्हा मी शाळेत होतो. पुढे एका मीटिंगला मी गैरहजर राहिलो, म्हणून माझी एकमताने सेक्रेटरी म्हणून निवड झाली आणि मामांबद्दलच्या सगळ्या तक्रारी माझ्या गळ्यात पडल्या. टाकी भरली की ते पंप बंद करायचे, पुन्हा त्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "उपकार झाले रे तुझे." तिसऱ्या मजल्यावरच्या परबांनी एकदा घड्याळ लावून बघितलं. दोन्ही वेळचं मिळून पाच मिनिटं.

पावसाळा संपला की हे खूळ वाढायचं. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, शर्ट पाठीला चिकटलेला, बस समोर दिसतेय, आणि गेटवर मामा हात धरून विचारणार, "आज कोणाचे उपकार मानलंस?" मी म्हणायचो, "मामा, सोडा हो, लेटमार्क लागेल." तर म्हणे, "पावसात पाणी आंधळ्याकय दिसता. आता दिसला पायजे." मी घाईघाईत कोणाचं तरी नाव घ्यायचो. बहुतेक बसच्या ड्रायव्हरचं. बसही तोपर्यंत निघून गेलेली असायची.

खंडेनवमीला तर विचारूच नका. गिरणीतली सवय. झेंडूच्या माळा, हळदकुंकू घेऊन मामा सकाळपासून फिरायचे. पाना, पक्कड, जिन्यातला झाडू, परबांची स्कूटर, लिफ्ट. एका वर्षी माझ्या लॅपटॉपवर कुंकू वाहिलं, ते अजून स्पेसबारच्या फटीत आहे. आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. म्हणून ते आदल्या दिवशीच गच्चीची टाकी काठोकाठ भरून ठेवायचे आणि नवमीला पंपाला सुट्टी द्यायचे.

तीन वर्षांपूर्वी टाकीचा वॉल्व्ह रात्रीत गळला. नवमीच्या दिवशी अकरा वाजता नळ कोरडे. घराघरात पाहुणे, परबांची सून डोक्याला शाम्पू लावून दारात उभी. मी धावत खाली गेलो. मामा पंपाच्या खोलीबाहेर स्टुलावर बसलेले.

"मामा, वाट लागलीय! पंप लावा."

"आज तेची सुट्टी. वर्सभर राबता, एक दिस तरी बसान रवांदे."

"मग लिफ्टला का नाही दिली सुट्टी?"

"जोशीआजी चार मजले कशी चढतली?" म्हणाले, आणि दोन बादल्या खालच्या टाकीतून भरून जोशीआजींकडेच निघाले. "तू पण घे एक. हाताक वजन कळला की पाणी कळता."

माझं डोकं फिरलं. मी आत गेलो, पंपावरची माळ ओरबाडून काढली आणि बटण दाबलं. मामा परत आले तेव्हा पंप घरघरत होता. ते टाकी भरेपर्यंत थांबले, पंप बंद केला, खाली पडलेली माळ झटकून पुन्हा घातली.

पुढच्याच मीटिंगमध्ये ऑटोमॅटिक पॅनेल बसवायचं ठरलं. आता माणसाची गरज नाही, हे पत्र मामांना द्यायचं काम अर्थातच माझं. त्यांनी ते बोट फिरवत वाचलं आणि एकच विचारलं, "मगे तेच्यार हात कोण ठेवतलो?"

"सेन्सर आहे, मामा. हात ठेवायची गरजच नाही."

दिवाळी करून ते गावाला निघाले. जाताना घराघरात जाऊन निरोप घेतला, माझ्याकडे आले आणि म्हणाले, "नंदू, तुझे खूप उपकार." मी चिडलोच. मी त्यांना कामावरून काढलं होतं हो! शिवी तरी द्यायची. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही, आणि माफी मागायची राहून गेली ती राहूनच गेली.

यंदा कोजागरीच्या सकाळी पंप जळला. पॅनेलचे हिरवे दिवे शेवटपर्यंत व्यवस्थित लागत होते. मेकॅनिकने पंप उघडला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बेअरिंग कधीचं गेलंय, साहेब. नुसता हात लावला असता तरी कळलं असतं."

दुपारी मी मामांना फोन लावला. मनात वाक्य तयार होतं. पण मी "मामा, मी नंदू" म्हणताच ते म्हणाले, "आठवण काढलंस, उपकार झाले रे." झालं. असल्या माणसाची माफी मागायची तरी कशी? मग त्यांनी पंपाची खबर विचारली. जळला म्हणून मी सांगितलं.

"तेका नावा ठेवू नको," मामा म्हणाले. "खूप राबलो तो. नवो इलो काय पयल्या दिवसापासून हात लाव. तेचो बरो असतानाचो आवाज वळखून ठेव."

नवा पंप परवा बसला. पॅनेलचं काम बाकी आहे, त्यामुळे बटण सध्या मीच दाबतो. आज सकाळी खाली उतरलो, इकडेतिकडे बघितलं आणि पंपावर तळहात ठेवला. लोखंड गार होतं. मला मामांची फार आठवण आली.

"सेक्रेटरी!" वरून परब ओरडले. "पंप लावताय की झोपलात?"

"थांबा हो जरा," मी खालूनच ओरडलो, "त्याला जागं होऊ दे!"