नवस कुणाच्या माथी

मावशीचे हात सगळ्या वस्तीच्या ओळखीचे. अर्ध्या वस्तीला जगातला पहिला स्पर्श झाला तो त्याच हातांचा. आणि ही एवढी पट्टीची सुईण आज स्वतःच्या सुनेच्या खोलीबाहेर, भिंतीला पाठ लावून, हात काखेत दाबून बसली होती.

कारण काय, तर नवस. मागं एका बाळंतपणात पायाकडून आलेलं मूल तिच्या हातात गेलं. आईचंही काही खरं दिसेना, तेव्हा ही बोलून बसली, "देवा, हिला वाचव, मी पुन्हा कुणाच्या बाळंतपणाला हात लावणार नाही." आई वाचली. घरी येऊन मावशीनं नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा सुतार, चहात पाव बुडवत होता. त्यानं ऐकलं आणि हूं की चूं केलं नाही. कशाला करेल? बायको वेळी-अवेळी उठून जायची, मागं गार जेवण गिळावं लागायचं, ते आता संपलं. मनातून स्वारी खूशच होती.

पुढं चर्चमध्ये एका उपासनेत पाळकांनी मोशेचं नियमशास्त्र समजावलं. बायकोचा नवस नवऱ्यानं ऐकल्या दिवशीच मोडला तर मोडला, देव तिला क्षमा करतो. तो गप्प बसला तर नवस पक्का. आणि मागाहून मोडायला लावला, तर तिचा दोष त्याच्या माथी. सुताराचा चेहरा खर्रकन उतरला. मावशीनं ते काळजावर कोरून घेतलं.

आता आत सून विव्हळत होती. दवाखान्याची गाडी निघाली होती, पण पुलाचं काम चालू, ती लांबच्या रस्त्यानं यायची. मुलगा गाडीला वाट दाखवायला धावला होता. शेजारणीनं दार उघडलं.

"मावशी, पाय दिसतोय."

पुन्हा पायाळूच.

"ऊठ," नवरा म्हणाला. "जा आत. नवस मी मोडतो."

"आता? तेव्हा तोंडात पाव होता ना तुमच्या?"

"होता. चुकलंच माझं. लागू दे दोष मला."

हीच तर तिची भीती होती. रागाच्या भरात तिनं मनातल्या मनात त्याला हजारदा 'मेल्या' म्हटलं असेल. पण देवानं ते मनावर घेतलं तर? बरं, बसून राहावं, तर आत दोन जीव जाणार.

"तुमच्या माथी काही नको," ती उठत म्हणाली. "बोलले मी, भोगेन मी. तुम्ही मला जा म्हणालाच नाहीत. मी माझ्या मनानं चाललेय."

साबणानं कोपरापर्यंत हात घासून ती आत गेली. ओढायचं नाही, धीर धरायचा, हे ती सुनेला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे. ओठ मात्र पुटपुटत होते, "देवा, हे माझं. म्हाताऱ्याचं काही ऐकू नकोस."

तेवढ्यात दाराबाहेरून त्याचा आवाज आला. जन्मात कधी मोठ्यानं प्रार्थना न केलेला माणूस गळा काढून सांगत होता, "प्रभू, मीच पाठवलंय तिला. जाब मला विचार."

"गप्प बसा हो," मावशी आतून ओरडली. "तेव्हा बसलात तसे."

तो काही गप्प बसला नाही. मूल बाहेर आलं तेव्हा निळं पडलेलं, मुकं. मावशीनं त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, चोळतच राहिली. तिचं स्वतःचं काळीज थांबायला आलं, तेव्हा कुठं ते रडलं. मुलगी होती. सून हमसून हमसून रडत हसली. थोड्या वेळानं गाडीही आली, नर्सबाईंनी दोघींना पाहिलं, ठीक आहेत म्हणाल्या.

मावशी बाहेर आली. म्हातारा अजून गुडघ्यांवरच. तिनं हात धरून त्याला उठवलं आणि बाकावर बसवलं.

"मग आता दोष कुणावर येईल?" त्यानं विचारलं.

"मला काय ठाऊक?"

आतून शेजारीण हाका मारत होती, आजी या, आजोबा या, नात बघा. पण दोघंही जागचे हलले नाहीत. आधी कुणाला काय होतंय, म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले.