तीन ठोके

साताऱ्यात खालच्या रस्त्याला आमचं घर. आमचं आणि शेजारच्या काकूंचं स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून, मधे एकच भिंत. सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी काकू खलबत्त्यातला बत्ता घेऊन भिंतीवर तीनदा वाजवायच्या. म्हणजे, मी उठले. इकडून आई दोनदा वाजवायची. म्हणजे, मीबी. आणि न थांबता वाजायला लागलं, तर हातातलं टाकून पळत यायचं. आईला झटका आला तेव्हा मी तसंच वाजवलं होतं. काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या होत्या.

आई गेल्यावर ते दोन ठोके माझ्याकडं आले. खरं सांगते, वैताग यायचा. रविवारी जरा डोळा लागावा, तर ठक ठक ठक. उत्तर दिलं नाही की बाई दारात हजर. "आगं, जित्ती हायस न्हवं? मग वाजवायला हात मोडलं व्हय?"

तोवर आमच्या ओळीतली घरं एकेक करून गेली. एकाच्या जागी मोबाइलचं दुकान, दुसऱ्याच्या जागी बँक, समोर दुकानांचं चार मजली कॉम्प्लेक्स. दिवसभर मरणाची गर्दी, पण राहायला म्हणून काकू आणि मी, दोघीच उरलो. बिल्डर काकूंकडं खेपा घालायचा. त्यांचा मुलगा सांगलीला नोकरीला. त्यानं मला विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणाले, घेऊन जा बाबा, या वयात एकट्या कशाला? काळजी होती, खोटं नाही. सकाळची झोप हवी होती, हेही खोटं नाही.

जाताना काकूंनी बत्ता तेवढा पिशवीत घातला. "खल जड हाय. तुला ऱ्हाऊ दे," म्हणाल्या.

दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला सांगलीला गेले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हवेशीर, लख्ख. काकू तिथंही रोज सकाळी वाजवत होत्या. "पलीकडं माणसं हायत गं, पर कोण वाजवत न्हाई," एवढंच म्हणाल्या. निघताना शेजारच्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. "अहो, या आजी रोज भिंत ठोकतात. काही हवं असतं का त्यांना?" मला उगीच लाज वाटली. मी हसले आणि म्हणाले, "लक्ष देऊ नका. सवय आहे त्यांची."

उन्हाळ्याच्या तोंडाला काकू गेल्या. मुलगा-सून कामावर गेलेले, त्या ओट्यापाशी पडल्या. सापडल्या तेव्हा बत्ता हातात होता. दहाव्याला तीच शेजारीण माझ्याजवळ येऊन बसली. "त्या दिवशी खूप वेळ वाजत होतं हो," ती म्हणाली. "पण तुम्हीच म्हणाला होतात ना..."

काकूंच्या जागी आता कपड्यांचं मोठं दुकान झालंय. भिंत सामाईक, म्हणून तेवढी वाचली. सकाळी आधण ठेवायला गेले की मला ऐकू येतं. तीनदा. कुणी वेडी म्हणा, पण येतं. मी दोनदा वाजवते. मग कधीकधी हात थांबतच नाही. या ओळीत राहणारी आता मी एकटी. मला काही झालं तर मी तरी दुसरं काय वाजवणार?

परवा असाच हात थांबेना. तेवढ्यात दुकानाचा नवा वॉचमन पळत दारात आला. कडेगावकडचा, पेन्शनवर आलेला फौजी. "ताई, काय झालं? भिंत लय वाजत होती."

कुणीतरी आलं! मला रडूच फुटलं. त्याला आत बोलवावं, चहा टाकावा म्हणून मी वळले. तेवढ्यात माल उतरवून घेत असलेला दुकानाचा मालक रस्त्यावरनंच ओरडला, "आवं मामा, या इकडं! लक्ष देऊ नका. सवय हाय त्यांची."