उसवलेला टाका

सिझर झाल्यावर मी माहेरी, निमगाव सावाला आले. घरात आई, वहिनी आणि तिची शाळकरी मुलगी. दादा आणि माझा नवरा चाकणला कामाला, रविवारचे यायचे. कांदे काढणीला आले होते, त्यामुळे बसायला कुणालाच सवड नव्हती.

बाळ रडलं की आधी कुशीवर वळायचं, मग खाटेची कड धरायची, मग टाक्यांवर हात दाबून उठायचं. तोवर ते रडून लाल झालेलं असायचं. साध्या खोकल्याचीही धास्ती वाटायची. टाके मी पाहिलेच नव्हते. सुटलेल्या पोटाखाली ते दिसत नव्हते, आणि बघावंसंही वाटत नव्हतं.

आईची सगळी बाळंतपणं घरातच झालेली. तिनं मला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, शेक दिला आणि टाक्यांना तेलात कालवलेली हळद लावली. मी नको म्हटलं नाही. नको म्हणायलाही अंगात जोर लागतो.

मग एका सकाळी परकर ओला लागला. वासही येत होता. वहिनी रानात निघाली होती, ती थांबली. आमचं बोलणं तोवर कामापुरतंच असायचं.

"ताई, आडव्या व्हा. बघू द्या मला."

तिनं पोट हलकेच वर उचललं. "एका कडंला टाका उसवलाय. चला दवाखान्यात."

आळेफाट्याच्या डॉक्टरबाईंनी जखम साफ केली. "तेल, हळद, काही लावायचं नाही. कोरडं ठेवा. रोज ड्रेसिंग करा." बाळाला घेऊन बाकड्यावर बसलेली आई मान खाली घालून ऐकत होती. परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं व्हतं, हळदीनं लवकर भरंल." मी तिच्या हातावर हात ठेवला. रागवायचं त्राण नव्हतं, आणि राग तरी कुठं होता.

रोज आळेफाटा गाठणं जमणारं नव्हतं. वहिनीनं नर्सकडून ड्रेसिंग शिकून घेतलं. रानात जायच्या आधी ती कोपरापर्यंत हात साबणानं धुवायची आणि माझ्याजवळ बसायची.

एकदा मी विचारलं, "किळस येत नाही तुला?"

"माझं बी असंच चिघळलं व्हतं, ताई. पोरीच्या टायमाला, माहेरी पिंपरी पेंढारला व्हते तवा. आई गेलेली, भावजयीला कसं सांगायचं? जुन्या लुगड्याची घडी लावायची नि कामाला लागायचं."

"दुखायचं?"

"लई." बोलता बोलता तिनं चिकटपट्टी नीट दाबली.

जखम भरायला बरेच दिवस गेले. शेवटची पट्टी काढल्यावर वहिनीनं भिंतीवरचा आरसा उतरवून माझ्यापुढं धरला. जांभळट रेघ, एका टोकाला जाडसर. बोट लावलं, तर तिथं काहीच जाणवलं नाही. मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते, नुसता थकवा होता.

वहिनीनं आरसा ठेवला, बाळ उचलून खांद्यावर घेतलं आणि दार ओढता ओढता म्हणाली, "झोपा आता. कांदे उद्या बी हायेत."

मी दुपार कलेपर्यंत झोपले.